बत्तिसाव्या हिश्श्याचं मिग-२१

मिग-२१ च्या पंखांचा एकूण विस्तार ७.१५ मीटर. नाकावरची पिटो नळी धरली तर लांबी पावणेसोळा मीटरच्या आसपास. दोन्ही आकड्यांना ३२ ने भागलं की घरात येणाऱ्या विमानाचं माप हाती येतं: रुंदी साडेबावीस सेंटिमीटरला थोडी कमी, लांबी ४९ सेंटिमीटर. मॉडेलचं किट मागवण्याआधी या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापा आणि शोकेसच्या फळीवर ठेवून बघा. फळी पुरेशी खोल नसेल तर विमान आडवं किंवा तिरकं ठेवावं लागेल. हा हिशेब आधी झाला नाही, तर तयार विमान कपाटाच्या डोक्यावर जातं आणि तिथे त्याच्यावर धूळ सोडून कुणाचीच नजर पडत नाही.

मोठ्या मापातलं पहिलं जेट म्हणून मी मिग-२१ च सुचवतो. यात थोडी आपुलकी आहे, ती लपवत नाही. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. एफएल, एम आणि बिस हे प्रकार तिथे बनले, सगळे मिळून सहाशेहून अधिक. त्या वसाहतीला लोक आजही 'ओझर मिग' म्हणतात. १९६३ साली चंदीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झालेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच निवृत्त झालं. पण आपुलकी बाजूला ठेवली तरी हे विमान नवशिक्याला सोसतं. धड म्हणजे जवळजवळ सरळ नळी, पंख पातळ आणि त्रिकोणी, इंजिन एकच. ओझरलाच बनणारं सुखोई-३० याच प्रमाणात ६८ सेंटिमीटरचं होतं. पहिल्याच वेळी त्याच्या वाटेला जाऊ नका.

१/३२ मध्ये ट्रम्पेटर या चिनी कंपनीची किट मिळतात: एफ-१३, एमएफ आणि दोन आसनी यूएम. तपशिलांची नजाकत पाहिली तर एडुआर्ड कंपनीचं १/४८ चं मिग-२१ सरस आहे, पण ते मापाने लहान. मोठंच हवं असेल तर एमएफ घ्या. ओझरला बनलेलं एम आणि हे एमएफ बाहेरून बरंचसं सारखं दिसतं, त्यामुळे भारतीय रंगात ते शोभतं. शेवटपर्यंत उडत राहिलेलं 'बायसन' बनवायचा मोह होईल. पण बायसनची पुढची काच चौकटीविना एकसंध आहे, बाहेरचे अँटेना बदललेले आहेत, शिवाय शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर सोडायच्या पेट्या बसवलेल्या आहेत. एमएफच्या डब्यातून हे सगळं निघत नाही. सुटे रेझिनचे भाग शोधावे लागतात किंवा प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः घडवावे लागतात. ते काम दुसऱ्या विमानासाठी राखून ठेवा.

गोंदाची बाटली उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुम्ही 'मिग-२१' बनवत नाही आहात, एका ठरावीक वेळचं एक ठरावीक विमान बनवता आहात. आपल्या मिगवर 'सी'पासून सुरू होणारा क्रमांक असायचा. क्रमांक वाचता येईल असा एखादा स्पष्ट फोटो निवडा, छापा आणि टेबलासमोर चिकटवा. पुढचे कितीतरी वाद तो फोटोच मिटवतो. रंगाची कड मऊ आहे की धारदार, चाकाची डिश कुठल्या रंगाची, पोटाखाली टाकी आहे का, झडपा उघड्या की बंद, हे सगळं त्यात दिसतं. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयातलं मिग जरूर बघा. फक्त एक लक्षात असू द्या, उघड्यावर ठेवलेल्या विमानांना संग्रहालयवाले पुन्हा पुन्हा रंग देतात. तिथे आकार पाहावा, रंगछटा पाहू नये.

किती वेळ कुठे घालवायचा

मोठ्या किटमध्ये भाग पुष्कळ असतात, म्हणून ते अवघड असतं असा समज आहे. भाग वाढले तर दिवस वाढतात, एवढंच. खरी परीक्षा मोठ्या, सपाट, रिकाम्या पृष्ठभागाची असते. १/७२ च्या पंखावर न दिसणारा ओरखडा १/३२ च्या पंखावर आठ फुटांवरून दिसतो. म्हणून वेळेची वाटणीही तशीच करा. अनेक मोठ्या जेट किटमध्ये कंपन्या अख्खं इंजिन देतात. धड बंद केल्यावर त्यातला मागचा पाइप आणि टर्बाइनची शेवटची चकती एवढंच दिसतं. शेपूट सुटी करून इंजिन बाहेर दाखवायचं नसेल, तर आतल्या नळ्या रंगवण्यात आठवडे घालवू नका. जेवढं धडाला आतून आधार देतं तेवढंच जोडा. वाचलेला वेळ कॉकपिटला आणि धडाच्या सांध्यांना द्या. काही हौशी मित्रांना हे पाप वाटतं, 'आत आहे हे मला तर माहीत असतं' असं ते म्हणतात. त्यांचं समाधान त्यांना लखलाभ.

सुरुवात धुण्यापासून. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहिलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात भाग जोडलेल्या सगळ्या फ्रेम बुडवा, मऊ टूथब्रश फिरवा आणि वाळवा. भाग फ्रेमपासून तोडताना कटर भागाला टेकवू नका. थोडा दांडा ठेवून तोडा, उरलेला ब्लेडने काढा आणि ४००, ६००, १००० असा वॉटर पेपर फिरवा. पत्र्याचे बारीक भाग सुपरग्लूने चिकटतात. बाकी सगळं पातळ प्लास्टिक सिमेंटने जोडा. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीवर ब्रशचं टोक टेकवायचं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. बोट मात्र त्या फटीवर नको, नाहीतर विमानावर बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

कॉकपिटचा रंग सोव्हिएत विमानांची ओळख आहे: निळसर हिरवा, फिरोजीकडे झुकणारा. बाटलीतला रंग थेट मारला तर बंद काचेखाली तो काळपट वाटतो. थोडा पांढरा मिसळून उजळ करा. कोपऱ्यांत पातळ तपकिरी तैलरंग सोडा आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकी छटा ओढा. प्रत्येक बारीक डायलवर चमकदार वार्निशचा एकेक थेंब पुरतो. आसनावरचे पट्टे हे या मापात कॉकपिटचं सर्वांत मोठं आकर्षण. साच्यातल्या सपाट पट्ट्यांपेक्षा शिशाच्या पातळ पत्र्याचे किंवा मास्किंग टेपचे पट्टे करून ते गादीवर सैलसर टाका.

धड मिटवण्याआधी वजनाचा प्रश्न सोडवा. मागच्या दोन चाकांच्या मागे जास्त भार आला तर विमान शेपटीवर बसतं. धड, पंख आणि शेपूट टेपने तात्पुरते जोडा. मागची चाकं जिथे येतात तिथे दोन बोटांवर विमान तोला. नाक खाली जाईपर्यंत पुढे वजन वाढवत न्या आणि मग आणखी थोडं घाला, कारण रंगाचे थर आणि मागचे बारीकसारीक भाग अजून यायचे आहेत. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायची चिकटपट्टीची वजनं मिळतात, ती यासाठी उत्तम. नाकातल्या शंकूत आणि कॉकपिटच्या खाली ती ठेवा आणि एपॉक्सीने पक्की करा. एखादं वजन आत सुटलं, तर विमान हलवताना जन्मभर खुळखुळत राहील.

खऱ्या फटी, खोट्या फटी

धडाचे दोन अर्धे जोडले की पाठीवरून आणि पोटावरून एक उभी रेघ जाते. ती किटची आहे, विमानाची नाही. ती दिसेनाशी झालीच पाहिजे. पण पंखांच्या मागे धडाभोवती फिरणारी जी गोल रेघ आहे ती खरी आहे. इंजिन बदलायचं झालं की तिथून मिगची अख्खी शेपूट सुटी करतात. उत्साहाच्या भरात ती पुट्टी भरून सपाट केली की मिगमधलं मिगपण गेलं. म्हणून पुट्टी हातात घेण्यापूर्वी समोरचा फोटो बघा आणि प्रत्येक फटीला विचारा, तू कोणाची.

खोट्या फटीसाठी जोडतानाच सिमेंट जरा सढळ हाताने लावा आणि अर्धे दाबा, म्हणजे मऊ झालेलं प्लास्टिक फुगून वर येतं. दोन दिवस हात लावू नका. मग तो फुगवटा घासून काढा. बरीचशी रेघ पुट्टीशिवायच नाहीशी होते. उरलेल्या खड्ड्यांत बाटलीतला जाड सरफेसर ब्रशने भरा, वाळू द्या, लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून घासा. नुसत्या बोटाने घासू नका, बोट मऊ असतं आणि फटीच्या जागी खोलगट पन्हाळ तयार होते. घासताना शेजारच्या पत्र्यांच्या रेघा आणि रिवेट पुसले जातात. जाड टेपची कड पट्टीसारखी धरून स्क्रायबरने त्या पुन्हा ओढा. दाब अगदी हलका, पण हात पुष्कळ वेळा फिरवा. एकाच जोरकस ओढीत सुई घसरते.

हवा घेण्याच्या तोंडातून आत डोकावल्यावर जो सांधा दिसतो तो सर्वांत त्रासदायक. शंकू मध्ये असल्यामुळे फार खोल दिसत नाही, त्यामुळे पहिले दोन-तीन सेंटिमीटर नीट केले तरी भागतं. तेवढंही जमत नसेल तर एक पळवाट आहे. उभ्या विमानांच्या तोंडावर लाल झाकण लावलेलं असतं. तसं एक फोमचं झाकण कापून बसवा, कुणी बोट दाखवणार नाही.

आता करडा प्राइमर. प्राइमरचं खरं काम चुगली करण्याचं. पांढऱ्या किंवा हिरव्या प्लास्टिकवर न दिसलेली प्रत्येक चूक करड्या रंगात दिसते. टेबल लॅम्प बाजूने तिरका धरून धड हळूहळू फिरवा. जिथे उजेडाची रेघ तुटते तिथे खड्डा आहे. भरा, घासा, पुन्हा प्राइमर मारा. हे तीन-चार वेळा होतं. कंटाळा येतो हे खरं, पण सबंध विमानाचं दिसणं इथेच ठरतं.

रंग आणि हवामान

एवढ्या मोठ्या विमानाला ब्रशने रंग देणं शक्य असलं तरी तसं करू नका. डबल अॅक्शन एअरब्रश, ०.३ मिलिमीटरचं नोझल आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर एवढं पुरतं. दाब १५ ते २० पीएसआय. रंग दुधाइतका पातळ करा. सलग एक जाड थर देण्याऐवजी पाच-सहा धुक्यासारखे थर द्या. मोटारींच्या गॅरेजमध्ये मिळणारं एनसी थिनर स्वस्त असतं आणि एअरब्रश धुवायला फार चांगलं. उघड्या प्लास्टिकवर ते लावू नका, पृष्ठभाग वितळतो.

परदेशी पुस्तकांत जी गोष्ट लिहिलेली नसते ती आपल्या हवामानाची. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये लॅकरचं चमकदार वार्निश मारलं तर त्यात हवेतला ओलावा अडकतो आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. डेंटिंग-पेंटिंगवाले पावसाळ्यात याच कारणाने कुरकुरत असतात. कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप लावा, खोलीत एसी किंवा डिह्युमिडिफायर असेल तर तासभर आधी सुरू करा, थिनरमध्ये रंग सावकाश सुकवणारं थोडं रिटार्डर घाला. तरीही सलग पाऊस असेल तर त्या दिवशी कॉकपिटची बारीक कामं करा, स्प्रे बंद ठेवा. विदर्भात मे महिन्यात याच्या नेमकं उलट होतं. रंगाचे कण हवेतच सुकतात आणि विमानावर वाळूसारखे बसतात. तिथेही रिटार्डरच उपयोगी, शिवाय एअरब्रश थोडा जवळ धरायचा आणि पहाटे काम करायचं.

फ्लॅटमध्ये स्प्रे करणाऱ्यांसाठी काही नियम मात्र कडक आहेत. थिनरची वाफ पेट घेते. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना किंवा शेजारच्या देवघरात समई तेवत असताना स्प्रे करू नये. खिडकीला बाहेर हवा फेकणारी व्यवस्था करा. साध्या एक्झॉस्ट फॅनच्या मोटरवरूनच ती वाफ जाते, त्यामुळे ठिणगीचा धोका असतो. लॅकर वापरणार असाल तर त्यासाठी बनवलेली स्प्रे पेटीच घ्या. तोंडावर कापडी किंवा धुळीचा मास्क चालत नाही, सेंद्रिय वाफा शोषणारी काडतुसं असलेला मास्क हवा. लहान मुलं घरात असतील तर अॅक्रिलिक रंग वापरा. मास्क तेव्हाही हवाच.

आता रंग कोणता. जुन्या मिगसारखा उघड्या धातूचा चकचकाट सगळ्यांनाच भुरळ घालतो. त्यासाठी आधी आरशासारखा काळा चमकदार थर लागतो आणि त्यावर अल्क्लॅडसारखा धातुरंग. अर्ध्या केसाएवढा ओरखडासुद्धा त्यातून ओरडून सांगतो की मी इथे आहे. पहिल्या विमानाला हिरवा-तपकिरी कॅमफ्लाज आणि खाली फिका करडा हाच पोशाख द्या. तो बऱ्याच गोष्टी पोटात घालतो.

खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा मॉडेलवर मारला तर तो गडद वाटतो, म्हणून वरच्या दोन्ही रंगांत थोडा पांढरा किंवा फिका करडा मिसळा. १/३२ ला हे प्रमाण फार नको. आधी खालचा करडा, मग तपकिरी, शेवटी हिरवा. रंगांच्या हद्दीबद्दल एक साधं गणित आहे. मॉडेलवरची एक मिलिमीटरची धूसर कड म्हणजे खऱ्या विमानावर ३.२ सेंटिमीटर. पाच मिलिमीटरची कड म्हणजे खऱ्यावर १६ सेंटिमीटरचा धुरकट पट्टा, तो बहुधा कुठल्याच विमानावर सापडणार नाही. ब्लू टॅकच्या पातळ वळ्या हद्दीवर चिकटवा, मधली जागा टेपने झाका आणि एअरब्रश विमानाला काटकोनात धरून फवारा. वळीच्या गोलाईमुळे कड बेताची मऊ येते. प्रत्येक पॅनेलच्या मध्यभागी तोच रंग किंचित उजळ करून हलकेच फिरवला की पृष्ठभाग जिवंत होतो. धडाचं मागचं टोक गरमीने भाजलेलं असतं. तिथे पोलादी रंगावर तपकिरी आणि निळसर छटा अगदी पुसट द्या.

हवाई दलाचं गोल चिन्ह या मापात डिकलपेक्षा रंगवलेलंच चांगलं दिसतं. हिरव्या-तपकिरी पार्श्वभूमीवर केशरी डिकलमधून खालचा गडद रंग डोकावतो आणि केशरी विटका होतो. सर्कल कटरने टेपमध्ये वर्तुळं कापा. आधी पूर्ण चकती पांढरी करा, मग पांढरं कडं झाकून बाहेरचा केशरी आणि मधला हिरवा फवारा. क्रमांक आणि बारीक सूचनांसाठी डिकलच ठीक. ती चमकदार वार्निशवरच लावा. खडबडीत रंगावर लावली तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. मऊ करणारं द्रव सोडल्यावर डिकल सुरकुतते, तेव्हा घाबरून तिला हात लावू नका. वाळताना ती आपोआप रेघांत बसते.

डिकलांवर वार्निशचा आणखी एक थर, आणि मग पॅनेलच्या रेघा उठावदार करायच्या. वार्निश अॅक्रिलिक असेल तरच हे करा. कॅम्लिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा, रेघेवर ब्रशचं टोक टेकवा, तो पळत जातो. अर्ध्या तासाने जास्तीचा भाग हवा वाहते त्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, पुसा. शुद्ध काळा वापरू नका, विमान वहीतल्या चित्रासारखं दिसतं. मळवण्यात हात आवरा. सेवेतलं लढाऊ विमान रोज पुसलं जातं. तेल-इंधनाचे ओघळ पोटाखाली आणि झडपांच्या मागे असतात, पंखांच्या वरच्या बाजूला ठिकठिकाणी गंज नसतो. शेवटी मॅट वार्निश.

काच, चाकं, शस्त्रं

कॉकपिटच्या काचेला सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने ती आतून धुकट होते. पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल वापरा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या कापडाने निघतो. काचेवर साच्याची रेघ असेल तर २००० चा पेपर, मग टूथपेस्ट, मग पारदर्शक अॅक्रिलिकमध्ये एक बुडी. रबरी टायर डब्यात असतील तर ते चाकाच्या प्लास्टिकला टेकतात त्या जागी आधी रंगाचा किंवा वार्निशचा थर द्या. काही रबरांतले द्रव काही वर्षांनी प्लास्टिक वितळवतात. जमलं तर रेझिनची चाकं विकत घ्या. वजनाने जमिनीला टेकून दबलेला टायर त्यांत आधीच घडवलेला असतो. पिटो नळी प्लास्टिकची असेल तर ती तुटणारच. औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सुई घ्या, टोक बोथट करा आणि दोन जाडीच्या सुया एकात एक बसवून नळी करा. ती न चिकटवता नुसती खोचून ठेवा, म्हणजे विमान हलवताना काढता येते.

किटमध्ये क्षेपणास्त्रं, बाँब, रॉकेटचे डबे, टाक्या असं सगळं असतं आणि सगळंच लटकवावंसं वाटतं. इथे पुन्हा भिंतीवरचा फोटो बघा. पोटाखाली एक टाकी आणि पंखांखाली के-१३ क्षेपणास्त्रांची जोडी एवढंच पुष्कळदा पुरेसं असतं. खरं के-१३ २.८३ मीटरचं, म्हणजे इथे नऊ सेंटिमीटरच्या आत. एवढ्या लांबीवर वाकडेपणा लगेच कळतो. पंखांखालच्या पायलॉनवर बसवल्यावर समोरून डोळा लावून दोन्ही समांतर आहेत ना ते सिमेंट ओलं असतानाच पाहून घ्या.